पहिला रुग्ण छापलात, पाण्याचं काय झालं?

मराठी दैनिकांचे संपादक, वृत्तसंपादक आणि जिल्हा आवृत्त्यांचे प्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२५ चे अंक मी अजून रद्दीत घातलेले नाहीत. त्या एका महिन्यात आपल्या पहिल्या पानावर तीन ‘नवे’ आजार येऊन गेले. चीनमधून आला म्हणून गाजलेला सर्दी-खोकल्याचा विषाणू एचएमपीव्ही, बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातली केसगळती आणि पुण्यात आमच्या सिंहगड रस्त्यावरचा जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. छापले मात्र गेले एकाच साच्यातून. बाहेरून काहीतरी आलंय, ते पसरतंय, आजचा आकडा इतका, प्रशासन अलर्ट मोडवर, आणि शेवटच्या परिच्छेदात कुणीतरी तज्ज्ञ म्हणतो की घाबरून जाऊ नका.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचणाऱ्यांपैकी आहे. आजार आला हे आपण मोठ्या टायपात सांगता. तो का आला हे कळू लागतं तोवर आपला वार्ताहर दुसऱ्या बातमीवर गेलेला असतो. हे पत्र त्याबद्दल आहे.

एचएमपीव्हीवर फार शब्द खर्च करत नाही. हा विषाणू २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ओळखला. पाच वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. ६ जानेवारीला बंगळुरूत दोन तान्ह्या बाळांमध्ये तो सापडल्याचं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने जाहीर केलं आणि त्याच निवेदनात हेही सांगितलं की हा विषाणू भारतात आधीपासून आहे आणि या बाळांनी परदेश प्रवास केलेला नाही. त्याच दिवशी सेन्सेक्स बाराशेहून अधिक अंशांनी पडला. दुसऱ्या दिवशीच्या अंकांत ‘भारतातला पहिला रुग्ण’ होता. पहिला कसला? पहिला तपासलेला म्हणा हवं तर, आणि तेही खरं नाही.

जीबीएसचं प्रकरण वेगळं आणि जास्त महत्त्वाचं आहे, कारण तिथे खरोखरच काहीतरी बिघडलं होतं.

जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, तो १९१६ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. एखाद्या जंतुसंसर्गाशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांना मुंग्या येतात, मग अशक्तपणा वर चढत जातो, काहींना व्हेंटिलेटर लागतो. बहुतेक जण बरे होतात, पण सावकाश. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. तरीही ‘जीबीएस व्हायरस’ छापून आलं, ‘जीबीएसचा शिरकाव’ छापून आलं, आणि आमच्या इमारतीतल्या लोकांनी शेजारच्या नांदेड गावातून येणाऱ्या कामवाल्या मावशींना लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं. त्या मावशींना कुणी पेपर वाचून दाखवला असता तर त्यांनाही हेच वाटलं असतं की आपण काहीतरी घेऊन फिरतोय.

आता हिशेब. या आजाराचं नेहमीचं प्रमाण वर्षाला लाखामागे एक ते दोन रुग्ण असं धरतात. महाराष्ट्राची लोकसंख्या बारा कोटींच्या पुढे. म्हणजे कुठलीही साथ नसताना राज्यात वर्षाला किमान बाराशे लोकांना जीबीएस होतो, रोज तीन-चार जणांना. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी धरली तर महिन्याला आठ ते सोळा रुग्ण हे आपलं नेहमीचं. जानेवारीत इथे काही आठवड्यांत शंभरावर संशयित रुग्ण झाले आणि फेब्रुवारीअखेर तो आकडा दोनशेच्या पुढे गेला, तेही बव्हंशी शहराच्या एका कोपऱ्यातून. ही साथ होती, हे या भागाकारानेच सिद्ध होतं. हा भागाकार एका चौकटीत बसला असता. मी शोधला, माझ्याकडच्या अंकांत मला तो सापडला नाही.

आणि तो नसल्यामुळे पुढची गंमत झाली. पुण्याची बातमी मोठी झाल्यावर राज्यभरातल्या जिल्हा आवृत्त्यांत ‘आमच्या जिल्ह्यातही जीबीएसचा पहिला रुग्ण’ झळकू लागला. वीस लाख वस्तीच्या जिल्ह्यात वर्षाला वीस ते चाळीस जणांना हा आजार होतोच, गेल्या वर्षी झाला, त्याच्या आदल्या वर्षीही झाला. तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये कुणी विचारायला गेलं नव्हतं. आता गेले, आणि सापडला. वाचकाला मात्र नकाशावर पुण्याहून निघालेले बाण दिसले. त्या बाणांनी माणसं दोन प्रकारे फसली. जिथे काही झालं नव्हतं तिथे भीती गेली, आणि जिथे खरंच झालं होतं त्या पाच-सहा गावांवरची नजर हटली.

ती गावं कोणती? नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी, धायरी. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, बाकीची जून २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या तेवीस गावांपैकी. कर महापालिकेचा, पाणी मात्र तेव्हा खडकवासला धरणाच्या पायथ्याशी असलेल्या विहिरीतून, शुद्धीकरण केंद्राशिवाय, नुसतं क्लोरीन टाकून. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू संस्थेला कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. दोन्ही दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातात. इथपर्यंतचं आपण छापलंत, आणि चांगलं छापलंत. विहिरीच्या काठावर जाऊन फोटो आणणारे वार्ताहर होते म्हणून महापालिकेला उत्तर द्यावं लागलं. खासगी आरओ केंद्रांचं पाणीही तपासलं गेलं, काही केंद्रं बंद झाली, हेही आपल्याच बातम्यांमुळे घरोघरी कळलं.

पण यातली सर्वांत मोठी बातमी निसटली असं माझं मत आहे. कॅम्पायलोबॅक्टरमुळे जुलाब झालेल्या साधारण हजार माणसांपैकी एकाला पुढे जीबीएस होतो. सगळे रुग्ण याच जिवाणूमुळे झाले नसतील हे धरून चाला, तरी शंभर-दीडशे रुग्णांच्या मागे जुलाब-उलट्यांनी आजारी पडलेले हजारो लोक असायलाच हवेत. ते डिसेंबरअखेर आणि जानेवारीच्या सुरुवातीला त्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत बसले असणार. मेडिकलवाल्यांनी ओआरएसच्या पुड्या आणि जुलाबाच्या गोळ्या नेहमीपेक्षा किती जास्त विकल्या, हे विचारायला एक दुपार पुरली असती. जीबीएस हे त्या साथीचं टोक होतं; साथ पोटाची होती. पण पोट बिघडणं ही आपल्याकडे बातमी नाही. पाय लुळे पडले की बातमी.

‘क्षयाने देशात दरवर्षी लाखो मरतात, मग दोनशे रुग्णांची कसली बातमी’ असं म्हणणारे डॉक्टर मित्र मला भेटतात. त्यांच्याशी मी सहमत नाही. दोनशे रुग्णांची बातमी व्हायलाच हवी, कारण ती दोनशे माणसं ओरडून सांगत असतात की नळातून काहीतरी येतंय. माझी तक्रार बातमी मोठी केल्याची नाही, ती अर्धी सोडल्याची आहे.

मध्येच जीबीएसच्या बातम्यांत चिकन आलं. कॅम्पायलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यात राहतो हे शास्त्र म्हणून खरं आहे. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये तो जगत नाही हेही तितकंच खरं. दुसरं वाक्य पाचव्या परिच्छेदात गेलं की काय होतं ते कुक्कुटपालकांना विचारा. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या लोकांना तर हे २००६ पासून पाठ आहे. तिथल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला, लाखो पक्षी मारावे लागले, ते आवश्यकच होतं. माणसांत एकही रुग्ण निघाला नाही. पण चिकनचा भाव पडला तो राज्यभर, जिथे एक कोंबडी शिंकली नव्हती तिथेसुद्धा.

आता बुलढाण्याकडे येतो, कारण तिथे जे झालं ते मला जास्त लागलं.

शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीने गळू लागले. डोकं खाजायचं, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, शाळकरी मुली, म्हातारी माणसं. काही ठिकाणी याचं बारसं ‘टक्कल व्हायरस’ असं झालं. विषाणूचा एक कणही कुणी पाहिलेला नव्हता. आधी शाम्पूवर संशय, मग बुरशीवर, मग पाण्यातल्या नायट्रेटवर. संशय छापू नये असं मी म्हणत नाही, तपास असाच चालतो. पण ‘व्हायरस’ म्हटलं की ते लागणारं झालं. या गावांतल्या लोकांना टाळलं गेलं, ठरलेली लग्नं फिसकटली, पोरी कॉलेजला जाईनाशा झाल्या, हेही आपल्याच पानांवर आलं. फक्त ज्या मथळ्याने हे घडवायला हातभार लावला तो आदल्या आठवड्याचा होता.

फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी, म्हणजे विंचूदंशावरच्या कामामुळे जगाला माहीत असलेल्या महाडच्या डॉक्टरांनी, आपले निष्कर्ष मांडले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम या खनिजाचं प्रमाण कितीतरी पट वाढलेलं होतं, आणि त्यांचा रोख पंजाबकडून रेशनवर आलेल्या गव्हाकडे होता. स्थानिक गव्हाच्या तुलनेत या गव्हात सहाशे पट सेलेनियम, असं त्यांनी सांगितलं. पंजाबच्या काही पट्ट्यांतल्या मातीत सेलेनियम जास्त आहे हे शेतीशास्त्राला जुनंच माहीत आहे. पुढे एप्रिलमध्ये याच भागात नखं गळण्याच्या तक्रारी आल्या. सेलेनियम जास्त झालं तर केसांपाठोपाठ नखं जातात, हे पाठ्यपुस्तकात आहे.

विचार करा, ही केवढी बातमी आहे. रेशनचा गहू कुठल्या गोदामातून आला, त्या खेपेतली पोती आणखी कुठल्या तालुक्यांत उतरली, धान्याच्या तपासणीत काय पाहतात आणि काय पाहत नाहीत. नेमकं इथे पान आक्रसलं. केस गळायला लागले तेव्हा सगळ्यांचे कॅमेरे गावात होते. गव्हाच्या पोत्यापाशी मोजकेच पोचले. याच बाजूच्या, खाऱ्या भूजलाच्या खारपाणपट्ट्यातल्या किडनीच्या आजारांचंही तसंच आहे. खारं पाणी पिणारी माणसं वर्षानुवर्षं डायलिसिसपर्यंत पोचताहेत, तो आजार ‘नवा’ नाही म्हणून आतल्या पानावर.

हा प्रकार नवा आहे असंही नाही. सप्टेंबर १९९४ आठवा. बीडच्या मामला गावात प्लेगच्या गाठी दिसल्या, पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग. मृत्यू पन्नासच्या आसपास. पण शेकड्यांचे आकडे छापले गेले आणि लाखो माणसांनी सुरत सोडली. त्यात आपल्या खानदेशातले कामगार किती होते हे नव्याने सांगायला नको. तो पळ सगळ्यांना आठवतो. त्यानंतर एस. आर. राव नावाच्या आयुक्तांनी गटारं, कचरा आणि बाजार यांना हात घालून ते शहर कसं बदललं, हे त्यामानाने किती कमी लिहिलं गेलं.

२००९ तर आपण पुणेकरांनी भोगलं. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू इथे झाला, एका शाळकरी मुलीचा. शाळा, थिएटरं बंद. मास्क काळ्या बाजारात. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगेत धडधाकट माणसं तापकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी, कारण पेपरात तपासून घ्या असं होतं आणि कुणी तपासून घ्यावं हे नव्हतं. त्या वर्षी देशात या विषाणूने ९८१ जण गेले. २०१० मध्ये १,७६३ गेले. दुसरा आकडा वाचून आपल्याला आश्चर्य वाटलं असेल तर ते वाटण्याचं कारण आपल्याच कार्यालयातल्या फायलींत आहे.

रुग्णाच्या नावाबद्दलही बोलायला हवं. नाव छापत नाही असं आपण सांगता, आणि मग वय, व्यवसाय, सोसायटी, मूळ गाव, कुठल्या गाडीने कुठे गेला हे सगळं देता. पुण्यात नाव लपवायला एवढं पुरत नाही. तालुक्याच्या गावी तर आडनावाशिवायही सगळं कळतं. मार्च २०२० मध्ये दुबईहून परतलेल्या कोरोनाच्या पहिल्या रुग्णांच्या बाबतीत काय झालं ते आपण जाणता. बातमीला त्या माणसाचा भाग लागतो, पाण्याचा स्रोत लागतो, आजारी पडल्याची तारीख लागते. बाकीचं कशासाठी? आणि व्यक्तीवरून समाजावर जायला फार वेळ लागत नाही. कोरोनाच्या सुरुवातीला दिल्लीतल्या तबलिगी जमातीच्या मेळाव्यावरून जे छापलं-दाखवलं गेलं त्याला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये मोठा अपप्रचार म्हटलं, आणि साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधतं असंही सुनावलं. एप्रिलमधल्या मथळ्यांचा आकार आणि त्या निकालाच्या बातमीचा आकार, पट्टी घेऊन एकदा मोजून पाहा.

मला आपल्या अडचणी कळत नाहीत असं समजू नका. तालुक्याचा वार्ताहर बातमीमागे जे मिळतं त्यात पेट्रोलही भागवू शकत नाही. त्याच्याकडून साथरोगशास्त्राची अपेक्षा करणं क्रूरपणा आहे. आरोग्य खातं संध्याकाळी एक आकडा देतं, तो वेळेत येतो, फुकट येतो, आणि पानात बसतो. कारणाचा अहवाल तीन महिन्यांनी येतो, इंग्रजीत येतो, कधी येतच नाही. मलाही आपल्याकडून फोन येतात, संध्याकाळी सातला. “सर, घाबरण्याचं कारण आहे का?” आहे म्हटलं तर मथळा, नाही म्हटलं तर शेवटचा परिच्छेद. ‘कुणी घाबरावं, कशाला घाबरावं आणि आज घरी काय करावं’ हे सांगायला लागलो की पलीकडून “सर, दोन ओळींत” येतं. मीही समजून घेतो. पाने सोडायची असतात.

आणि अंतराचा मुद्दा आहेच. आजार शहरात आला की राज्याचा होतो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, पलीकडे गोव्यातल्या सत्तरीत, २०१५-१६ पासून माकडताप आहे. काजूच्या बागेत बिया वेचायला वाकलेल्या बाईला गोचीड चावते, आणि ती तापाने जाते. या आजारात काय बदललं म्हणून तो कर्नाटकातल्या शिमोग्याच्या जंगलातून इथवर पोचला, काजूची लागवड जंगलात किती आत सरकली, हे प्रश्न सिंधुदुर्गाच्या आवृत्तीपुरते का राहावेत? पुण्या-मुंबईत काजू खाणारे कमी नाहीत.

मागणी मोठी नाही. नव्या आजाराची पहिली बातमी जाते त्याच दिवशी एक चौकट द्या: एरवी हा आजार आपल्याकडे किती जणांना होतो. माहीत नसेल तर माहीत नाही असं छापा, वाचकाला ते पचतं. संशयित आणि निश्चित यांची बेरीज करू नका. तो माणसाकडून माणसाला लागतो की नाही हे मथळ्याखालच्या पहिल्या ओळीत येऊ द्या. सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप तेवढीच ओळ वाचतात. आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, त्याच गावात त्याच वार्ताहराला परत पाठवा. परतीच्या त्या बातमीला तेवढीच जागा द्या.

सुरुवात आमच्यापासून करा. घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे असं मानक आहे. ते पाहणारी ओटी टेस्ट काही पैशांत होते. नळीत दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं किंवा होत नाही, ग्रामपंचायतीत पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणारा माणूससुद्धा ती करतो. समाविष्ट तेवीस गावांत जानेवारी २०२५ नंतर ही तपासणी किती वेळा झाली, कुठे पिवळं झालं नाही, आणि शुद्धीकरण केंद्राचं काम आज कुठवर आलंय, याचे कागद महापालिकेत असायला हवेत. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आकडे आले की ते वाचून समजावून सांगायला कुणी हवं असेल तर आपल्या वार्ताहराला माझ्याकडे पाठवा. संध्याकाळी सातलाही चालेल, फक्त दोन ओळींत मागू नका.

आपला,
सिंहगड रस्त्यावरचा एक जुना वर्गणीदार
पुणे